दोघा भावांचा धोटा

मित्रांनो, कापडाच्या या दुकानात मापाच्या पट्टीमागे एक फळी आहे आणि फळीवर पत्र्याचा डबा आहे. त्यात एक बोथट कात्री, जोडी हरवलेली बटणं, चष्म्याचं एक भिंग आणि फडक्यात गुंडाळलेल्या सुया आहेत. या सगळ्यांच्या खाली, तळाशी, मी पडलेलो आहे. मी एक जुना धोटा आहे. मागावर ताणलेल्या दोऱ्यांमधून इकडून तिकडे पळतो ना, तो. आता पळणं संपलं. कोणी डबा हलवला तर मी नुसता खडखडतो, आणि दुकानदार म्हणतो, "काय भरून ठेवलंय यात, देव जाणे."

देव जाणतोच. पण थोडंफार मीही जाणतो, म्हणून सांगायला बसलो.

माझा जन्म एका मोडक्या वल्ह्यातून झाला. नदी समुद्राला मिळते तिथे एक बंदर होतं आणि बंदराच्या मागे विणकरांची गल्ली होती. त्या गल्लीतल्या एका विणकराला धक्क्यावर वल्ह्याचा तुकडा सापडला. खाऱ्या पाण्यात मुरून लाकूड इतकं टणक झालं होतं की पटाशीला दाद देईना. त्याने तीन आठवडे मला कोरलं. पोट पोखरून त्यात कांडी बसेल एवढी जागा केली. कांडी म्हणजे दोरा गुंडाळलेली बोटभर नळी. माझ्या दोन्ही टोकांना शिंगाच्या टोप्या चढवल्या, म्हणजे मी कुठे अडकायला नको. आणि कुशीला एक बारीक भोक पाडलं, कांडीवरचा दोरा बाहेर यायला.

या भोकाबद्दल आधीच सांगून ठेवतो. कांडी संपली की विणकर नवी घालतो आणि तिच्या दोऱ्याचं टोक या भोकातून बाहेर काढतो. तिथे बोट जात नाही. म्हणून तो भोकाला ओठ लावतो आणि श्वास आत ओढतो. सुर्र असा आवाज होतो, टोक ओठांवर येतं, बरोबर सुताची थोडी कुसंही येतात, ती थुंकून टाकायची. दिवसातून शंभर वेळा हेच. विणकराचं पोर बोलायला शिकतं त्याच सुमाराला धोट्याला ओठ लावायलाही शिकतं.

आमचा माग जमिनीतल्या खड्ड्यावर बसवलेला आणि दुहेरी होता. गलबतांच्या शिडांना रुंद पन्ह्याचं कापड लागायचं आणि तेवढ्या रुंदीला एका माणसाचे हात पुरत नसत. म्हणून एकाच बाकावर दोघे बसत. विणकराला मुलगेही दोनच. डावीकडे थोरला, उजवीकडे धाकटा. थोरला मला फेकायचा, धाकटा झेलायचा, दोरा दाबून बसवणारी फणी ठोकली की धाकटा फेकायचा. ज्याच्या हातात कांडी संपेल त्याने बदलायची. त्यामुळे मला दोघांचेही ओठ ठाऊक होते. थोरल्याचे कोरडे, भेगाळलेले. धाकट्याचे कायम ओले, कारण तो सारखा गात असायचा.

बाप गेला तेव्हा त्याने वाटणी केली नाही. "माग एक आहे, त्याचं काय वाटणार? बसा दोघं," एवढंच म्हणाला. आणि दोघे बसले. त्यांचं कापड इतकं एकसारखं असे की कुठे थोरल्याचा हात आणि कुठे धाकट्याचा, हे गल्लीतल्या जुन्या माणसांनाही सांगता येत नसे. लोक कौतुक करत. आई मात्र कौतुक करायची नाही. दारात सूत कातायचं चाक फिरवत बसायची आणि म्हणायची, "दृष्ट लावू नका रे, अजून त्यांची भांडणं व्हायचीत."

आईचं एक गाणं होतं. चाकाच्या फेऱ्यावर बेतलेलं, प्रत्येक फेऱ्याला घरातल्या जुन्या देवांपैकी एकाचं नाव. मीही त्याच तालावर पळायचो.

मित्रांनो, त्या बंदराला वाऱ्याचा कायदा होता. अर्धं वर्ष वारा गलबतांना इकडे आणायचा आणि अर्धं वर्ष परत न्यायचा. मधल्या महिन्यांत दूरदेशीचे व्यापारी आणि खलाशी बंदरात अडकून पडायचे. तसाच एक शिडं शिवणारा म्हातारा शिडाचं कापड बघायला आमच्याकडे आला आणि तापाने फणफणून ओसरीवरच आडवा झाला. त्याचं गलबत वाऱ्यासाठी थांबलं होतं, त्याच्यासाठी थांबलं नाही. शुद्धीवर आल्यावर त्याने पहिलं काय विचारलं असेल तर, "वारा फिरला का?"

"फिरला, आणि तुमचं गलबतही गेलं," आई म्हणाली. "आता पेज प्या."

पुढे तो रोज सकाळी हाच प्रश्न विचारू लागला, म्हणून घरात त्याचं नावच वारेकाका पडलं. वारा पुन्हा फिरला, पुन्हा पुन्हा फिरला. काका गेले नाहीत. ओसरीत बसून शिडं शिवत राहिले.

काका मुसलमान होते. दिवसातून पाच वेळा हात, तोंड, पाय धुऊन कोपऱ्यात चटई अंथरायचे, वाकायचे, जमिनीला कपाळ टेकायचे. पहिल्यांदा आईने ते पाहिलं तेव्हा तिला वाटलं, म्हाताऱ्याची सुई पडली. तीही गुडघ्यावर बसून शोधायला लागली. काकांची नमाज झाली तरी ही आपली चटईखाली बघतेच आहे.

"काय हरवलं होतं, काका?"

"मीच हरवतो अधूनमधून," काका म्हणाले. "तेव्हा बघून घ्यावं लागतं, आहे ना जागेवर."

आई हसली. मग तिने विचारलं, ते काय पुटपुटता? काकांनी आपल्या मोडक्यातोडक्या बोलीत अर्थ सांगितला. देव एकच आहे, तो दयाळू आहे, असं काहीसं. त्यातला 'अल्ला' हा शब्द आईच्या चाकाच्या फेऱ्यात नेमका बसत होता. आठवड्याभरात तिच्या गाण्यात जुन्या नावांच्या ओळीत अल्लाचंही नाव येऊन बसलं. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. घरी एक पाहुणा वाढला, त्याला पाट मांडला, इतकंच.

एखादा धर्म नव्या गावात कसा येतो, असं कोणी विचारलं तर लोक घोडे आणि तलवारी सांगतात. कुठे तसाही आला असेल. राजाच्या हुकमाने आला असेल, व्यापाऱ्यांच्या सोयरिकीने आला असेल. मागाच्या खड्ड्यातून मला तेवढं लांबचं दिसत नाही. मी पाहिला तेव्हा तो तापाने अशक्त झालेला होता आणि आमच्या ओसरीवर पेज पीत बसला होता.

मग तापाची साथ आली.

धाकट्याची मुलगी तीन वर्षांची होती. सगळे तिला पिटुकली म्हणायचे. दोघे भाऊ थुंकत ती कुसं गोळा करून, चेंडू करून, ती मागाखाली बसून त्याला झोपवायची. एका सकाळी ती उठलीच नाही. थोरला स्वतः त्याच तापात बेशुद्ध पडला होता आणि वहिनी त्याच्या उशाशी होती. धाकटा तिला न्यायला माणसं बोलवायला गल्लीत गेला. मी त्याच्या कमरेला खोचलेला होतो, म्हणून मला माहीत आहे. एकेक दार त्याने वाजवलं. ज्यांच्या लग्नात तो नाचला होता त्यांची दारं. आतून आवाज यायचे, दार उघडत नव्हतं. लोक वाईट नव्हते, मित्रांनो. प्रत्येकाच्या घरात एक पिटुकली होती.

तो परत आला तेव्हा काकांनी चुलीवर पाणी ठेवलेलं होतं. त्यांनी धाकटीला, म्हणजे पिटुकलीच्या आईला, जवळ बसवलं. "तू घाल अंघोळ. मी पाणी ओततो. घाई करू नकोस."

धाकटी म्हणाली, "काका, तिला गार पाणी चालत नाही. रडते."

"कोमट आहे, पोरी. कोपर बुडवून बघ."

धाकटीने खरंच कोपर बुडवून पाहिलं. मग तिने कानामागे, गळ्याच्या वळीत, बोटांच्या बेचक्यांत, रोज धुवायची तसं सगळं सावकाश धुतलं. मागावर शिडाचं कापड अर्ध्यावर आलं होतं. धाकट्याने तिला गुंडाळायला ते तसंच कापलं. त्याने आणि काकांनी मिळून नदीकाठी जागा खणली, आणि काका तिला हातांवर घेऊन गेले, झोपलेलं मूल एका खोलीतून दुसऱ्या खोलीत न्यावं तसे.

थोरला बरा झाला. दारं उघडली. लोक सांत्वनाला आले, खरोखर रडले. धाकटाही सगळ्यांशी नीट बोलला. पण त्या दिवसापासून काका चटई अंथरत तेव्हा तो मागे जाऊन उभा राहू लागला. आधी नुसता उभा. मग वाकू लागला. काकांनी एकदाही त्याला 'ये' म्हटलं नाही. वर्ष सरत आलं तेव्हा एका साध्या सकाळी त्याने ते शब्द म्हटले, देव एकच आहे आणि मुहंमद त्याचे प्रेषित आहेत. धाकटीनेही म्हटले.

आईने चाक थांबवून विचारलं, "जेवायला घरीच ना रे?"

"मग कुठे जाऊ?"

"तसं नाही, विचारून ठेवलं."

 थोरल्याने बाकावर सरकून जागा केली, जशी रोज करायचा, आणि मला फेकलं.

बरीच वर्षं असं चाललं. काका गेले, त्यांना पिटुकलीशेजारीच ठेवलं. दरम्यान गल्लीतली आणखी काही घरं त्या बाजूला गेली. कोणी नमाजेच्या रांगेत कोणाच्याही खांद्याला खांदा लावता येतो म्हणून, कोणी बंदरातल्या व्यापाऱ्यांशी घरोबा व्हावा म्हणून, कोणी नुसतं शेजाऱ्याचं पाहून. एक घर होतं तोवर कोणाला काही वाटलं नव्हतं. दहा घरं झाली तशी गल्ली बिचकली. गल्लीच्या पंचांनी नियम काढला: त्या बाजूला गेलेल्यांबरोबर एका ताटात जेवायचं नाही, एका भांड्यातलं पाणी प्यायचं नाही.

पंचांत मुख्य होते फणीवाले आजोबा. मागाची फणी गल्लीत तेच एकटे बनवत. त्यांनी फणी दिली नाही तर माग बंद. शिवाय थोरल्याची मोठी मुलगी त्यांच्या नातवाला द्यायचं ठरलं होतं. एका दुपारी धाकटा सूत आणायला गेला असताना ते आले आणि मागाच्या खड्ड्याशी टेकले. थोरल्याच्या हातात मी होतो.

"ताट वेगळं केलंस?"

"केलं."

"पाणी?"

"तेही केलं. आईने रडून घर डोक्यावर घेतलं, पण केलं."

आजोबांनी माझ्याकडे बोट केलं. "आणि हा? हा दोघांच्या तोंडाला लागतो."

थोरला हसला. "आजोबा, धोट्यात काय भात कालवलेला असतो?"

"हसण्यावारी नेऊ नकोस. लोक मला विचारतात. तुझी पोर माझ्या घरात यायचीय, उद्या तिच्या हातचं कोणी खाईल का?"

"म्हणजे भावाला मागावरून उठवू?"

"मी उठव म्हटलं का? मीही त्याला अंगाखांद्यावर खेळवलंय. तोंड वेगळं ठेव, एवढंच म्हणतोय. दोन धोटे ठेव."

"दुहेरी मागावर धोटा एकच फिरतो. तुम्हाला सांगायला हवं?"

"मग बघ काहीतरी," आजोबा उठत म्हणाले. "डोकं आहे ना तुला."

थोरल्याने तीन दिवस डोकं चालवलं. चौथ्या दिवशी त्याने पितळेच्या बारीक तारेची एक आकडी केली. भोकातून आकडी आत घालायची, दोरा अडकवायचा, बाहेर ओढायचा. ओठांचं कामच नाही. त्याने ती फणीवाल्या आजोबांना दाखवली, त्यांनी होकाराची मान हलवली. परत येताना थोरला शीळ वाजवत होता. मी त्याच्या कमरेला होतो. इतक्या वर्षांत त्याला शीळ वाजवताना मी पहिल्यांदा ऐकलं. भाऊ मागावर राहिला होता, मुलीचं लग्नही मोडलं नव्हतं. त्याच्या मनासारखं झालं होतं.

आता जे घडलं ते नीट ऐका, कारण मी सोडून ते कोणीच धड पाहिलं नाही.

आकडी कशासाठी, हे भावाला सांगायचं तर आजोबांचे शब्द त्याच्या कानावर घालावे लागणार. ते थोरल्याच्याने होईना. म्हणून तो नुसतं म्हणाला, "हे घे. याने बरं पडतं. कुसं तोंडात जात नाहीत."

धाकटा विणकराचा मुलगा होता. ओठांनी जे एका श्वासात होतं त्याला आकडीने चार खेपा लागतात, हे त्याला पहिल्याच कांडीला कळलं. त्याने भावाकडे पाहिलं. थोरला खाली फणीकडे बघत होता. धाकट्याचं गाणं त्या दिवशी थांबलं.

तीन दिवस दोघे आकडीने काम करत राहिले. चौथ्या दिवशी थोरल्याच्या हातावर दिव्यातलं तेल सांडलं. धाकट्याने मला फेकलं, थोरल्याने झेललं, तेलाने मी त्याच्या हातातून सटकलो. म्हणून त्याने मला धोतराच्या सोग्याने पुसलं, चांगलं घासून, पुन्हा पुन्हा. पुसलं ते तेल होतं, मित्रांनो. पण धाकट्याला पलीकडून तेल दिसलं नाही. त्याला एवढंच दिसलं की दादाने त्याच्या हातचा धोटा घेतला आणि घासून पुसला.

मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण मी तर लाकूड. माझ्या कुशीतून दोरा निघतो, शब्द निघत नाही.

दोन दिवसांनी धाकटा म्हणाला, "दादा, नदीच्या वरच्या अंगाला आमच्यातली काही माणसं राहायला चाललीत. मीही जातो म्हणतो."

थोरल्याला वाटलं, त्याला आता आपल्या माणसांत राहायचंय. अडवायचं कोणत्या तोंडाने? ताट आपणच वेगळं केलं. तो म्हणाला, "बघ, तुला बरं वाटत असेल तर."

धाकट्याला वाटलं, दादा वाटच बघत होता.

आई एकदा याच्याकडे आणि एकदा त्याच्याकडे बघत होती. "बोला रे दोघं," ती म्हणाली. "काय असेल ते बोला." दोघेही म्हणाले, "काही नाही गं आई."

निघताना थोरल्याने मला बोचक्यात घातलं. "धोटा तू ने." घरात बापाच्या हातची वस्तू म्हणून मी एवढाच होतो. त्याच्याकडे देण्यासारखं जे सगळ्यात मोठं होतं ते त्याने दिलं. बोचकं उचलताना धाकट्याचा हात जरा थांबला. नावेत बसल्यावर तो धाकटीला म्हणाला, "बघितलंस? मी तोंड लावलेला धोटासुद्धा त्याला घरात नको."

ती नाव किनाऱ्यापासून सुटली तेव्हा आई गुडघाभर पाण्यात उभी होती.

वरच्या अंगाला, तीन दिवसांच्या वाटेवर, एक वस्ती होती. तिथली माणसं मासे धरायची, डोंगरउतारावर पिकवायची, पण विणणं त्यांना ठाऊक नव्हतं. धाकट्याने खड्डा खणला आणि एकट्यापुरता अरुंद माग घातला. लोक बघायला यायचे, तासन्‌तास बसायचे. हळूहळू शिकू लागले. तो त्यांना उभ्या दोऱ्यांचा ताणा लावायला शिकवायचा, सुताला द्यायची खळ कशी करायची ते शिकवायचा, मला ओठ लावायला शिकवायचा. काम थांबवून तो नमाजेला उठला की तेही थांबायचे. त्यांना वाटे, हे विणकामातलंच आहे. हात धुवायचे, तोंड धुवायचं, वाकायचं, मग पुन्हा माग. पुढे त्यांनी विचारलं, त्याने सांगितलं. दहा वर्षांत तिथे सात माग झाले आणि मातीच्या भिंतींची एक मशीद झाली. त्याने कोणाला बोलावलं नव्हतं. बोलावणं तो काकांकडून शिकलाच नव्हता.

तिथे तो पुन्हा गाऊ लागला. आईचंच गाणं, त्यात अल्लाचंही नाव आणि आईच्या जुन्या देवांचीही. एकदा बंदरातून एक मौलवी आले. शिकलेले, मवाळ माणूस. गाणं ऐकून हळूच म्हणाले, "भाऊ, ही बाकीची नावं आता राहू द्या." धाकट्याला पटलं. त्याने ती वगळली. पण तिथे ताल मोडायचा, मी ठेचकाळायचो. मग त्याने त्या जागी दुसरे शब्द बसवले. त्या दिवशी मशिदीमागे जाऊन तो बराच वेळ बसून राहिला. आईचं तेवढंच तर त्याच्याजवळ होतं.

घरचं तो कधी बोलत नसे. तिथे जन्मलेल्या त्याच्या मुलांनी विचारलं, बाबा, आपण कुठले? तर म्हणे, "खालचे. समुद्राकडचे." काकांच्या गलबताच्या गोष्टी मात्र रंगवून सांगे. गप्प राहिलेली जागा रिकामी राहत नाही. मुलांनी तिथे आपलंच गलबत उभं केलं. मुलांच्या मुलांना ते आणखी मोठं दिसू लागलं.

धाकटा म्हातारा झाला आणि एका उन्हाळ्यात गेला. त्यानंतर दोन महिन्यांनी एक नाव आली. तिच्यातून काठी टेकत एक माणूस उतरला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मी मागावर होतो. त्याने बाकाला हात लावला आणि मी ओळखलं. थोरला.

धाकटी दारात आली. तिने त्याला बसवलं, पाणी दिलं, आणि मग काय झालं ते सांगितलं. त्याने पेला खाली ठेवला.

"मी त्याला न्यायला आलो होतो," तो म्हणाला. "आई गेली. फणीवाले गेले. मुलीला नातवंडं झाली. आता कोण मला काय म्हणणार? म्हटलं, चार दिवस बसू मागावर दोघं."

धाकटीने पदराने डोळे पुसले. पण तिला राग आवरला नाही. "तुम्हाला त्याच्या ओठांची किळस आली होती, भाऊजी. जन्मभर मनात धरून होता तो. मरताना सुद्धा."

"किळस?" थोरल्याला कळेचना. मग कळलं. "अगं, ती आकडी... ती नसती तर त्याला मागावरून उठवायला लागलं असतं. तो राहावा म्हणून केली मी ती."

"मग सांगितलं का नाही?"

"ते शब्द त्याला ऐकवायचे? मला वाटलं, त्याला कळेल. माझा भाऊ तो."

 धाकटी म्हणाली, "तो पण असंच म्हणायचा. मी का निघालो ते दादाला कळेल, येईल बोलवायला."

एवढ्यात तिचा मुलगा आत आला. थोरल्याने नुकत्याच ठेवलेल्या पेल्याकडे बघून तो थबकला. आईला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाला, "हे आपल्यातले नाहीत ना? मग आपल्या पेल्यात पाणी का दिलंस?"

म्हाताऱ्याचे डोळे गेले होते, कान शाबूत होते. तो हसला, अगदी कडवट नाही, आणि म्हणाला, "असू दे गं. मी जाताना पेला घासून ठेवतो." आणि त्याने खरंच तो घासला, राखेने, चाचपडत. धाकटी त्याच्या हातातून पेला ओढत होती आणि तो सोडत नव्हता.

संध्याकाळच्या आत तो नावेत बसला. धाकटी मला घेऊन काठापर्यंत आली, म्हणाली, न्या तुमचा धोटा. तो म्हणाला, "राहू दे. मला झेलणारं कोण आहे तिकडे?"

मित्रांनो, त्यालाही आता किती पिढ्या झाल्या ते मला मोजता येत नाही. हातमाग गेले, विजेचे माग आले, तेही बंद पडले. धाकट्याच्या वंशातल्या माणसाने हे दुकान घातलं. तो आपल्या मुलांना सांगतो, "आपले पूर्वज समुद्रापलीकडून गलबतातून आले." तिकडे खालच्या गल्लीत थोरल्याच्या मुलीचा वंश आहे. ते सांगतात, त्या म्हाताऱ्याला भाऊबिऊ कोणी नव्हता. कोणीच खोटं बोलत नाही. त्यांना तसंच सांगण्यात आलं आहे.

परवा खालच्या गल्लीतला एक माणूस इथे पडद्यांचं कापड घ्यायला आला. दुकानदाराने तागा उलगडला. तो माणूस जरा वाकला, डोळे बारीक केले आणि कापडाची किनार अंगठा आणि करंगळीत धरून पाहिली. कापड असं कोणी बघत नाही, लोक तर्जनीने बघतात. दुकानदारही तसंच धरतो, अंगठा आणि करंगळी. मला कोरणारा बाप आपल्या दोघा मुलांना तसंच शिकवून गेला होता. क्षणभर दोघांनी एकमेकांच्या हाताकडे पाहिलं. मी डब्याच्या तळाशी श्वास रोखून होतो, लाकडाला रोखता येईल तितका.

"विणकाम होतं वाटतं घरात?" दुकानदाराने विचारलं.

"पूर्वी होतं म्हणतात. तुमच्याकडे?"

"आमच्याकडेही पूर्वी."

"चांगलं आहे," तो माणूस म्हणाला. "चार मीटर द्या."

कापड बांधून झालं. दोघांनी एकमेकांना हसून निरोप दिला, अनोळखी माणसं देतात तसा.

म्हणून माझी एक विनंती आहे. मला डब्यातून काढून पुसून ठेवा, असं मी म्हणणार नाही. पुसण्याची मला जरा भीतीच वाटते. तुमच्या घरात कोणी मोठं माणूस सांगू लागलं, आपण अमुक ठिकाणहून आलो, आपण आधीपासून असेच होतो, तर नीट ऐका, मध्ये बोलू नका. सांगून झालं की हळूच विचारा, तेव्हा मागे कोण राहिलं? उत्तर कोणाला येणार नाही, बहुतेक. तरी विचारा. आणि भावाबहिणीसाठी काही केलंत तर ते का केलं, हे त्यांना त्याच दिवशी सांगून टाका. तुमच्या जवळपास पडलेल्या लाकडाला ते सांगता येत नाही.